हो रे, लोकांना चालायला शिकवतो

प्रिय पम्या,

तुझा मेसेज वाचून आधी खूप हसलो आणि मग म्हटलं याला फोनवर उत्तर नको, नीट बसून लिहू. "चालायला शिकवतोस म्हणे, पुढचा क्लास श्वास घ्यायचा का?" असं विचारलंस ना, तर मी शिकवतो ते चालता चालता करायचं ध्यान, आणि बऱ्याच ठिकाणी त्यात पहिल्या दिवशी खरंच श्वासापासून सुरू करतात. मी नाही करत, का ते पुढे सांगतो.

माझी उमेदीची सगळी वर्षं जंगलात गस्त घालण्यात गेली हे तुला माहितीच आहे. सुरुवातीला मला ज्या सिनियरबरोबर टाकलं होतं तो बोलायचा कमी, आणि चालायचा असा की आपण दोन हात मागे असलो तरी आवाज नाही. मी आपला पाचोळा तुडवत धाडधाड, आणि हा पुढे गुपचूप. मग मी नुसते त्याचे पाय बघायला लागलो. तळव्याची बाहेरची कड आधी टेकायची, खाली काटकी आहे का ते चाचपायचं, मग सावकाश अख्खा तळवा खाली, आणि भार सगळ्यात शेवटी. तोपर्यंत वजन मागच्याच पायावर असतं, त्यामुळे खाली काही कुरकुरलं तर पाऊल तसंच परत उचलता येतं. "पाय टाकणं वेगळं, भार टाकणं वेगळं", एवढंच सांगायचा तो, तेही विचारलं तर. आज मी जे शिकवतो त्यातलं निम्मं हेच आहे बघ.

उरलेलं निम्मं मात्र जंगलात नाही मिळालं. म्हणजे गस्तीवर लक्ष नसतं असं नाही, उलट भरपूर असतं, पण ते सगळं कशाच्या तरी मागावर. मोडलेली फांदी, बुंध्यावरचा ताजा घाव, धुराचा वास, चिखलातला ठसा, पक्षी एकदम का गप्प झाले, डोक्यात सतत एकच की इथे काय बिघडलंय. आणि ही सवय ड्युटी संपली म्हणून सुटत नाही ना, कुणाकडे गप्पा मारायला बसलो तरी माझे डोळे खिडकी, दार, कोण आलं कोण गेलं. बायको म्हणायची तू इथे असतोस कुठे, मला वाटायचं उगाच बोलते.

मग चढउतार करून करून गुडघा गेला, मला टेबलावर बसवलं, आणि दिवसभर चालणं बंद झाल्यावर रात्रीची झोपही गेली. डॉक्टरांनी एका आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस कोर्सला पाठवलं, म्हणजे आत्ता जे चाललंय त्यावर लक्ष ठेवायला शिकवणारा. अमेरिकेतल्या जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमध्ये जुनाट दुखण्यांच्या पेशंटसाठी सुरू केला तो, आता जगभर चालतो. मांडी घालून बसणं मला शक्यच नव्हतं, तर तिथल्या बाई म्हणाल्या तुम्ही चाला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कुठे पोचायचं नाही, काही बघायचं नाही, पाय जमिनीला लागतोय एवढं कळू द्या. मी मनात म्हटलं, मला चालायला सांगताय? आणि थोड्याच वेळात मी भिंतीचे तडे तपासत होतो, फरशीवर कुणाच्या बुटाचा ठसा आहे ते ओळखत होतो! शोधायला काही नाही म्हटल्यावर मेंदू नुसता दावं तुटलेल्या वासरासारखा. चिडून बाहेर पडणार होतो, पण गुडघ्याला बरं वाटत होतं म्हणून टिकलो, तत्त्वज्ञान वगैरे काही नाही.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे फार जुनं आहे. बौद्ध परंपरेत याला चंक्रमण म्हणतात, आणि अंगुत्तर निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या जुन्या पाली ग्रंथात त्याचे पाच फायदे दिलेत: लांबच्या प्रवासाला माणूस तयार होतो, प्रयत्न करायची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं, आणि चालताना मिळवलेली एकाग्रता जास्त टिकते. पाचातले दोन सरळ तब्येतीचे, म्हणून मला ते एकदम पटलं. ब्रह्मदेशातले ध्यान शिकवणारे भिक्खू महासी सयादव पाऊल उचललं, पुढे नेलं, ठेवलं अशी मनात नोंद करायला लावायचे. हे वाचलं आणि आमचा सिनियरच आठवला. फक्त त्याला काटकी चुकवायची होती, इथे चुकवायचं काहीच नसतं.

आता माझं जरा वेगळं मत. बहुतेक जण नवख्यांना पहिल्याच दिवशी गोगलगायीच्या वेगाने चालवतात आणि ते बिचारे डुलायला लागतात, मग त्यांना वाटतं आपलं मनच थाऱ्यावर नाही. अरे मनाचा काय संबंध, नेहमीच्या चालीत अंगाला पुढे जायचा एक जोर असतो, फार हळू केलं की तो जातो आणि एका पायावर तोल धरायची वेळ लांबते, डुलणारच ना. म्हणून मी आधी रोजच्या वेगाने चालवतो आणि हळूहळू वेग उतरवतो, म्हाताऱ्यांना भिंतीच्या बाजूने. आणि श्वासाचं म्हणशील तर घाबऱ्या स्वभावाच्या काही जणांना छातीकडे लक्ष दिलं की जास्तच धडधडतं. तळवे त्या मानाने लांब पडतात, तिथे लक्ष ठेवणं सोपं जातं.

अजून एक गंमत, सरळ चालताना बरेच जण ठीक असतात, मन निसटतं ते वळताना. एक रिटायर्ड ड्रायव्हर येतात, ते दर वळणाला आधी उजवीकडे बघतात, आरसा असल्यासारखं! स्वतःच सांगून हसतात. मी त्यांना थांबवत नाही, फक्त म्हणतो मान वळतेय हे कळू द्या. आधी थांबा, उभे आहात हे कळू द्या, मग वळा.

पैशाचं विचारलंस, तर पगाराच्या मानाने काहीच नाही, पेन्शन आहे म्हणून जमतं. नोकरी सोडून यात उडी मार असं मी कुणालाही सांगणार नाही, तुझ्या भाच्यालाही नाही, त्याला म्हणावं आधी शनिवार-रविवार करून बघ.

तू ये एकदा. खास बूट वगैरे घेऊ नकोस, पातळ सपाट तळव्याचं काहीही चालेल आणि फोन गाडीत ठेवायचा. तुझ्या टाचेचं डॉक्टर काय म्हणाले ते आधी कळव, सकाळी पहिलं पाऊल टाकताना दुखतं का दिवसभर, त्यावर तुला किती चालवायचं ते ठरवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या