उष्णता हवी तिथे उष्णताच घ्या

महोदय,

घरगुती सौरऊर्जेचा विषय निघाला की गाडी थेट छतावरच्या पॅनेलवर जाते. अंघोळीच्या पाण्याला आणि स्वयंपाकाला लागते ती मुळात उष्णता. त्यासाठी उन्हाची आधी वीज करायची आणि ती गिझरच्या कॉइलमध्ये जाळायची, हा लांबचा आणि महागडा रस्ता आहे.

हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे साडेतीन युनिट लागतात. निरभ्र दिवशी चौरस मीटरभर जागेवर साधारण ५ युनिट ऊर्जा पडते. साधा सपाट कलेक्टर, म्हणजे उन्हाने नळ्यांतले पाणी तापवणारी काचबंद पेटी, त्यातली जवळपास निम्मी पाण्यात उतरवतो, तर पॅनेलमधून विजेच्या रूपाने पाचवा हिस्साच हाती येतो. दीड-दोन चौरस मीटरच्या कलेक्टरने होणाऱ्या कामाला पॅनेलची जागा दुपटीहून जास्त लागते.

कलेक्टर आणि गरम पाण्याची टाकी मिळून होणारे सौर बंब बिघडतात ते बहुधा बसवण्यातल्या चुकीने. पंप नसेल तर टाकीचा तळ कलेक्टरच्या वरच्या टोकापेक्षा किमान ३० सेंटिमीटर उंच हवा; नाहीतर रात्री प्रवाह उलटतो आणि तापलेले पाणी कलेक्टरमध्ये जाऊन निवते. गरम पाण्याचा पाइप टाकीपर्यंत सलग चढता हवा. मध्ये कुठे कमान आली की तिथे हवा अडकते. भर दुपारी कलेक्टर चटका देतोय आणि टाकीतले पाणी मात्र गारच, असे असेल तर आधी हवा काढून पाहा. तरी फरक पडला नाही, तर नळ्यांत क्षार बसले आहेत असे समजा आणि सौम्य सायट्रिक अॅसिडने त्या धुऊन घ्या.

पेटीचा सौर कुकर तर घरीही होतो. एकात एक दोन पेट्या घ्या आणि मधल्या ५ सेंटिमीटर फटीत कोरडे गवत किंवा पुठ्ठ्याचे तुकडे ठासून भरा. थर्माकोल नको, तो या उष्णतेत आकसतो. आत काळा रंग दिलेला पत्रा, वर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतर ठेवून दोन काचा आणि झाकणाला आरसा. अठराव्या शतकात होरास द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने अशाच काचबंद पेटीत पाणी उकळते त्याहून अधिक तापमान मिळवले होते, आणि तेही आरशाशिवाय! रंगाचा वास जाईपर्यंत पेटी रिकामीच उन्हात तापवा. भांडे पातळ, बाहेरून काळे आणि घट्ट झाकणाचे असावे. वाफ निसटली की काचेवर धुके धरते आणि ऊन आत पोचत नाही. सारखे उघडून बघण्याने साठलेली उष्णता निघून जाते.

दिव्यांसाठी मात्र पॅनेलच हवे, पण लहान. ५ वॉटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास लावले तर १०० वॉट-तास होतात. पाच तासांचे चांगले ऊन आणि तीस टक्के तूट धरली तर ३० वॉटचे पॅनेल कसेबसे पुरेल, म्हणून ५० वॉटचे घ्यावे. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून दोन रात्रींच्या सोयीसाठी १२ व्होल्टची ४० अँपिअर-तासांची बॅटरी धरा. बॅटरीचे चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. काढताना उलट क्रम. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच, यात काटकसर करू नका. वायरही बारीक नको: १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह १० मीटर अंतरावर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने नेला, तर जाऊन-येऊन सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो.

पॅनेलची जागा ठरवताना सावली सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहा. पॅनेलमधले वीज तयार करणारे सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन झाकलेल्या भागाच्या मानाने कितीतरी जास्त घसरते.

छतावर मोठी यंत्रणा बसवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेली, बॅटरी नसलेली नेहमीची यंत्रणा वीज गेली की, लख्ख ऊन असले तरी, बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून ती मुद्दामच तशी केलेली असते. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि तिच्याबरोबर चालणारा इन्व्हर्टर सुरुवातीलाच मागा.

– सौर उपकरणांची जोडणी व दुरुस्ती करणारे काही वाचक