कामाच्या ठिकाणचा छळ वेळीच ओळखा

संपादक महोदय,

कामाच्या ठिकाणचा छळ म्हटला की आरडाओरडा आणि शिवीगाळ डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तो बहुतेकदा शांतपणे चालतो. एखाद्या सहकाऱ्याला बैठकीला न बोलावणे, आवश्यक माहिती दडवून नंतर चारचौघांत त्यालाच जाब विचारणे, अशक्य मुदत देणे किंवा हातातले काम काढून घेऊन नुसते बसवून ठेवणे, यांतील प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते, आणि म्हणूनच तक्रार करणाऱ्याला ‘फार मनाला लावून घेता’ असे ऐकावे लागते. कामातील उणीव दाखवणे हा वरिष्ठांचा अधिकारच आहे; मात्र टीकेचा रोख कामावरून माणसाकडे वळला आणि ती वारंवार होऊ लागली, की तिला शिस्त म्हणता येत नाही.

स्वीडनने १९९३ मध्येच याविरुद्ध स्वतंत्र नियम केले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारानुसार तर एकदाच घडलेले वर्तनही छळ ठरू शकते.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावरून ती पुढे जात असेल, तर तक्रारपेटी लावून काय उपयोग? चौकशी त्रयस्थ व्यक्तीकडे हवी, आणि तक्रारदाराचीच बदली करून प्रकरण मिटवण्याची पद्धत तर तातडीने बंद व्हायला हवी, कारण ती पीडितालाच दिलेली शिक्षा असते. त्रास सोसणाऱ्यांनी प्रसंगाची तारीख, उच्चारलेले शब्द आणि उपस्थितांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. पाहणाऱ्या सहकाऱ्यांनीही साक्ष देण्यास कचरू नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक