रस्त्याच्या अलीकडच्या लोकांनी कुठे बोलायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या २ ऑक्टोबरला मी धाकट्या बहिणीकडे गेले होते. ती रत्नागिरी शहराला लागून असलेल्या एका ग्रामपंचायतीत राहते, आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं, तिथे रस्त्याची एक बाजू नगर परिषदेत आणि दुसरी पंचायतीत आहे इतकं सगळं एकमेकाला चिकटून. चहा झाल्यावर ती म्हणाली, ताई तू जरा पड, मी ग्रामसभेला जाऊन येते. मी म्हटलं मी पण येते बघायला. मागच्या रांगेत बसले. फार लोक नव्हते, बायका तर त्याहून कमी, पण जे झालं ते बघून मी घरी आल्यावर दोन दिवस त्याचाच विचार करत होते. एक बाई उठली, अंगणवाडीसमोर गटाराचं पाणी साचतं म्हणाली, गेल्या सभेत सांगितलं होतं त्याचं काय झालं विचारलं, आणि ग्रामसेवकाने रजिस्टर उघडून मागचा ठराव वाचून दाखवला. सगळ्यांसमोर. काम झालेलं नव्हतं, पण का झालं नाही हे तिला तोंडावर सांगावं लागलं, आणि ते पुन्हा लिहून घेतलं गेलं.

तेव्हापासून मला प्रश्न पडलाय की मी हे कुठे विचारायचं? मी शहरात राहते, घरपट्टी पाणीपट्टी वेळेत भरते, पण असं उठून विचारायची जागा मला नाही. शहराभोवतीच्या नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव या ग्रामपंचायतींतल्या माणसाला वर्षातून किमान चार वेळा ग्रामसभेचा हक्क आहे, आणि शहरातल्या मारुती मंदिरला, गोखले नाक्याला, मांडवीला, राजिवड्याला राहणाऱ्या माणसाला तसा नाही. माझ्या भाच्याने, तो वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मला समजावून सांगितलं की शहरांसाठी ७४ वी घटनादुरुस्ती झाली, १ जून १९९३ पासून लागू आहे, आणि त्यात वॉर्ड समित्या सांगितल्यात, पण त्या तीन लाख किंवा जास्त लोकसंख्या असलेल्या शहरांनाच बंधनकारक. आमची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ७६ हजार. म्हणजे गाव म्हणून आम्ही मोठे आणि शहर म्हणून लहान, दोन्हीकडून सुटलो. कोकण किनाऱ्यावरच्या बाकीच्या शहरांची पण हीच गत आहे, अलिबाग, मुरुड, मालवण, वेंगुर्ले, एकही तीन लाखाच्या जवळपास नाही.

हे पत्र आत्ता लिहायचं कारण म्हणजे नवीन बॉडी आली आहे. आपल्या नगर परिषदेची मागची निवडणूक २०१६ च्या नोव्हेंबरात झाली होती, मुदत २०२१ च्या शेवटी संपली आणि तिथून पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासक. यात इथल्या कुणाला दोष द्यायचा नाही, ओबीसी आरक्षणाचा विषय कोर्टात होता आणि राज्यभरच्या निवडणुका अडकल्या होत्या, शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तेव्हा कुठे चक्र फिरलं. २ डिसेंबरला मतदान झालं, निकाल दुसऱ्या दिवशी लागणार होता तो २१ डिसेंबरला लागला. माझी मुलगी २०२१ च्या अखेरीस अठरा वर्षांची झाली, तिने लोकसभेला मत दिलं, विधानसभेला दिलं आणि आपल्या घरासमोरच्या दिव्यासाठी ज्याला विचारायचं त्याला निवडायला तिला बावीस वर्षांची व्हावं लागलं. घटनेत लिहिलंय की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. तरी हे झालं. त्या चार वर्षांत लोकांची एक सवय गेली, की आपण विचारायचं असतं, आणि ही सवय परत लावायला मुद्दाम काही करावं लागेल, नुसतं नगरसेवक निवडून आले म्हणून ती परत येणार नाही.

सर्वसाधारण सभा नागरिकांना बसून बघता येते हे किती जणांना माहीत आहे? बघता येते, बोलता येत नाही, ते ठीक आहे, पण माझे वडील पूर्वी जायचे. ते शाळामास्तर होते, सभेची तारीख कळली की संध्याकाळी जाऊन मागे बसायचे आणि रात्री जेवताना आम्हाला सांगायचे कोण काय बोललं, कोणता ठराव झाला, कोणता विषय तहकूब झाला. आम्हा मुलांना कंटाळा यायचा, पण तहकूब, इतिवृत्त, ऐनवेळचे विषय हे शब्द मला तेव्हापासून माहीत आहेत. यातला ऐनवेळचे विषय हा प्रकार मला सगळ्यात काळजीचा वाटतो, आणि हे मी कुठल्याही पालिकेबद्दल बोलतेय. अजेंड्यावर नसलेला विषय सभा संपताना येतो, वाचला जातो, मंजूर होतो, आणि लोकांना कळतं ते टेंडर निघाल्यावर. तातडीचं काही असतं, पाइप फुटतो, दरड येते, त्यासाठी हे ठेवलेलं असणारच, पण लाखांची कामं त्या वाटेने जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

आता पाण्याचं घ्या. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये पाणी सोडायचे दिवस कमी करायची वेळ येते, पाहुण्यांना सांगताना लाज वाटते. कारण काही गुपित नाही, जांभ्याची जमीन, पडलेलं पाणी झिरपून आणि वाहून समुद्राला जातं, साठवण हवी ती आपल्याला शीळ धरणातून मिळते. शीळचं पाणी पंपाने उचलावं लागतं, त्याचं विजेचं बिल येतं, आणि पानवल धरणाचं पाणी उताराने आपोआप यायचं. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना पानवलचं पाणी म्हटलं की बरं वाटतं. आता पानवलवर खर्च करावा की शीळवर, की शहरातल्या जुन्या विहिरी साफ करून वापरात आणाव्या, की प्रत्येक नवीन अपार्टमेंटला पागोळीचं पाणी साठवायची सक्ती नीट तपासावी, हे सगळं इंजिनिअरने सांगायचं आहे, मला मान्य आहे. पण निवडायचं कोणी? पैसे आमचे, मे महिन्यात हंडे घेऊन टँकरकडे धावणार आम्ही, तर दोन-तीन पर्याय, प्रत्येकाचा खर्च, प्रत्येकाला किती वर्षं लागतील, एवढं एका कागदावर मराठीत लिहून आमच्यापुढे का ठेवू नये? बायकांना विचारा, कोणत्या वाडीत किती वाजता पाणी येतं आणि किती वेळ टिकतं हे त्या कुठल्याही नकाशापेक्षा नीट सांगतील.

कचऱ्याचं पण तेच. दांडेआडोम गावात शहराचा कचरा प्रकल्प करायचं ठरलं, गावाने विरोध केला, कोर्टकचेरी झाली, वर्षं निघून गेली. शहराचा कचरा आमच्या गावात का हा प्रश्न कुठल्याही गावाला पडणारच, मला तो चुकीचा वाटत नाही, आणि शहराने तरी तो टाकायचा कुठे हा पण खराच प्रश्न आहे. अशा वेळी जागा ठरवायच्या आधी दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसली पाहिजेत. आणि शहरवाल्यांनी आधी आपलं घर आवरलं पाहिजे हे पण सांगते. आपल्याच किनाऱ्यावर, दक्षिणेला, वेंगुर्ल्याचं उदाहरण आहे. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना घराघरातून कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली, ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचे बारीक तुकडे करून डांबरात घालून रस्ते, आणि जिथे डेपो होता तिथे बाग, माणसं ती जागा बघायला जातात. मी स्वतः बघून आले, वास नाही. वेंगुर्ले आपल्यापेक्षा खूप लहान आहे, जसंच्या तसं इथे होणार नाही, पण तिथेही ते नुसत्या आदेशाने झालं नसणार, घराघरातल्या बाईने सकाळी दोन डबे वेगळे ठेवले तेव्हाच झालं. आणि माणूस डबे वेगळे कधी ठेवतो, पुढे त्याचं काय होतं हे त्याला पटलं की.

बोलायला जागा नसली की काय होतं तेही बघतोय आपण. सगळी चर्चा व्हॉट्सॲपवर. कोणीतरी खड्ड्याचा फोटो टाकतो, खाली पन्नास जण नगर परिषदेच्या नावाने लिहितात, आणि तो रस्ता असतो हायवेवाल्यांचा. एसटी स्टँड रखडला तेव्हा कित्येक वर्षं लोक नगर परिषदेला बोलत होते, तो एसटी महामंडळाचा. २०२५ च्या जानेवारीत मिरकरवाडा बंदरावरची अतिक्रमणं काढली ती मत्स्यव्यवसाय खात्याने. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, बसरा स्टार जहाज मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन अडकलं आणि वर्षानुवर्षं तिथेच होतं, त्याला कोणी हलवायचं हे आमच्या बाजारात दहा जणांना विचारलं तर दहा उत्तरं मिळायची. किनाऱ्यावरच्या शहराचं हे असंच आहे, एका मैलात पाच खाती, आणि सामान्य माणसाला माहीत असतं फक्त एक नाव. म्हणून मला वाटतं सभा झाली पाहिजे, निदान हे काम आमचं नाही, त्यांचं आहे, आम्ही त्यांना या तारखेला पत्र दिलं एवढं तरी समोर येईल.

शहरातल्या तारांगणाबद्दल पण लिहिते कारण त्यावरून घराघरात वाद झालेत. मी दोन्ही नातवंडांना (चुलत नात्यातली) घेऊन गेले होते, मुलं इतकी रमली की बाहेर यायला तयार नव्हती, मला ते झालेलं आवडलं. आमच्या शेजारच्या काकांचं म्हणणं, आधी नळाला पाणी मग आकाशातले तारे. त्यांचंही मला पटतं. पण हा वाद आम्ही ओटीवर बसून घातला, तोही सगळं झाल्यानंतर. तोच वाद आधी, सभागृहात, आकडे समोर ठेवून झाला असता तर काका हरले असते तरी त्यांना विचारलं गेल्याचं समाधान असतं.

कायद्यात सोय नाहीच असंही नाही. विकास आराखडा झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस द्यावे लागतात, किनारा नियमनाच्या नकाशांना जनसुनावणी लागते. पण ती नोटीस पेपरात बारीक टायपात येते, भाषा अशी की वकिलाशिवाय कळू नये, आणि लोक जागे होतात तेव्हा मुदत संपलेली असते. क्षेत्रसभा हा शब्दही राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे, नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना एकत्र बोलवायचं, त्यांचं ऐकायचं. मी आमच्या भिशीतल्या बायकांना विचारलं, एकीनेही तो शब्द ऐकलेला नव्हता.

नवीन नगराध्यक्ष आणि सगळ्या नगरसेवकांना, पक्ष कुठलाही असो, माझी हात जोडून विनंती आहे. बजेट हे पहिलं मोठं काम आहे, त्याच्या आधी किंवा अगदीच वेळ नसेल तर मंजुरीनंतर महिन्याभरात, प्रत्येक प्रभागात एक बैठक घ्या. दोन नगरसेवकांचा प्रभाग आहे, दोघांनी मिळून घ्या, वेगवेगळ्या पक्षाचे असाल तर अजून चांगलं, लोकांना दोन्ही बाजू कळतील. वेळ संध्याकाळी सहानंतरची ठेवा, नोकरीवाल्यांना यायला हवं, आणि मच्छीमार वस्तीत त्यांना विचारून ठेवा कारण त्यांचं घड्याळ भरती-ओहोटीवर आणि बोटींच्या येण्यावर चालतं. सर्वसाधारण सभेचा अजेंडा आठवडाभर आधी लावा, वेबसाइटवर तर लावाच पण कागदावरही लावा, आणि माझं तर म्हणणं आहे एक प्रत नगर वाचनालयात ठेवा. १८२८ सालापासूनचं वाचनालय आहे आपलं, नगर परिषद १८७६ ची, म्हणजे या शहरात आधी वाचायची जागा झाली आणि मग कारभाराची. तिथे रोज सकाळी पेपर वाचायला येणारी माणसं अजेंडा पण वाचतील आणि चार लोकांना सांगतील. ऐनवेळच्या विषयात जे मंजूर झालं त्याची यादी दुसऱ्या दिवशी तिथेच लावा, कारणासकट.

काही जण म्हणतील सभेत नुसती भांडणं होतात. होऊ देत. बहिणीच्या ग्रामसभेत पण आवाज चढले होते, एक गृहस्थ रागाने उठून गेले आणि पाच मिनिटांनी परत येऊन बसले. सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर १९३१ ला उभं राहिलं त्याच्या आधी या गावात किती वाद झाले असतील, घरात, देवळात, रस्त्यावर, आणि तरी ते झालं, भागोजीशेठ कीरांनी पैसा उभा केला. इथल्या माणसाला वाद घालायचं वावडं कधीच नव्हतं.

आमच्या वरच्या आळीत बैठक घ्यायची असेल तर आमच्या घराचं मागचं अंगण मोकळं आहे, पन्नास माणसं आरामात बसतील, सतरंज्या आहेत, पाणी मी देईन. आळीतल्या अकरा घरांशी मी बोलले आहे, नऊ जणांनी येतो म्हटलंय. आमच्या प्रभागाच्या दोन्ही नगरसेवकांना मी हेच लिहून चिठ्ठी दिली आहे, त्यांनी फक्त तारीख कळवावी.

आपली,
एक नियमित वाचक
वरची आळी, रत्नागिरी