भेंड्या जपानी, कान मराठी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोजागरी असो, वर्गाचा शेवटचा दिवस असो की कुणाचा वाढदिवस, नाशकातल्या जपानी शिकणाऱ्या मंडळींत हल्ली कराओकेवर जपानी गाण्यांच्या भेंड्या लागतात. हौस चांगली आहे. मात्र पाच-सहा गाण्यांत खेळ अडतो, नियमांवरून हुज्जत होते आणि मग जो तो आपले आवडते गाणे म्हणून मोकळा होतो. यात दोष गळ्याचा नसतो, यादीचा असतो. यादी करताना आपले कान मराठी भेंड्यांचेच राहतात, म्हणून हे पत्र.

जपानी खेळाचे नाव शिरितोरी, म्हणजे मागचे टोक पकडणे. शब्द ज्या अक्षराने संपला त्याच अक्षराने पुढचा सुरू करायचा. कराओकेत शब्दाऐवजी गाण्याचे नाव धरतात. पहिला घोळ इथेच होतो. आपण गायलेल्या ओळीचे शेवटचे अक्षर पुढे देतो. तिथे ओळीला किंमत नाही, नाव तेवढे मोजायचे. दुसरा घोळ याहून खोल आहे. ओळ 'मी'वर संपो की 'मू'वर, आपल्याकडे पुढच्याने 'म' घ्यायचा. जपानीत मि, मु, मे ही वेगवेगळी अक्षरे आहेत आणि स्वरासकट अक्षर जुळले पाहिजे. (या अक्षरांना 'काना' म्हणतात, आपल्या काना-मात्रेतला काना नव्हे.) गंमत अशी की आ-इ-उ-ए-ओ, का, सा, ता, ना हा त्यांचा क्रम बौद्धांनी नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे आपल्याच वर्णमालेच्या वळणाने आलेला आहे. बाराखडी पाठ असलेल्याला हे जड जाऊ नये.

तिसरा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि ऐनवेळी सगळेच विसरतात: 'न्'वर संपणारे नाव घेतले की भेंडी चढली. या अक्षराने जपानी शब्द सुरूच होत नाही. आपल्या 'ळ'ची तीच गत, पण आपण 'ळ'चा 'ल' करून सुटतो. तिकडे ती सोय नाही. त्यामुळे योनेझु केन्शिचे 'रेमोन' (२०१८), ईव्हचे 'काइकाइ कितान' (२०२०), स्पिट्झचे 'रोबिन्सोन' (१९९५) ही सर्वांच्या ओठांवरची गाणी या खेळात थेट खड्ड्यात नेतात. नवशिक्यांच्या गटात हवे तर 'न्'च्या आधीचे अक्षर घेऊ द्यावे, म्हणजे रेमोनवरून 'मो'. पण हे आधी ठरवा. गाणे संपल्यावर केलेला नियम कुणी मानत नाही.

यादीसाठी वहीत चार रकाने आखा: नाव, काना लिपीतले वाचन, पहिले अक्षर, शेवटचे अक्षर. दुसरा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण सगळा खेळ त्याच्यावर आहे. 'अश्रू' या अर्थाच्या कांजीचे (चिनी लिपीतून आलेल्या चिन्हाचे) नेहमीचे वाचन नामिदा. नात्सुकावा रिमीच्या २००१ च्या गाण्यात मात्र ती 'नादा' वाचतात, 'नादा सोसो'. 'ज्वाला' या अर्थाची कांजी एरवी होनो-ओ, पण लिसाच्या २०२० च्या गाण्यात 'होमुरा'. कांजी पाहून 'ओ' पुढे दिलात तर चूक, द्यायचा 'रा'.

इंग्रजी नावांचे तर विचारूच नका. 'प्रिटेंडर' ऐकून आपण 'र' देतो. जपानीत ते 'पुरितेंदा', म्हणून 'दा'. 'फर्स्ट लव्ह'चा शेवट 'व्ह' नव्हे, 'बु'. 'ऑटोमॅटिक'चा 'कु'. इंग्रजी उच्चार बाजूला ठेवून काताकानात (परक्या शब्दांसाठीच्या काना लिपीत) लिहून पाहायचे, दुसरा उपाय नाही.

दीर्घ स्वराचे दोन प्रकार आहेत आणि त्यावरूनच सर्वाधिक भांडणे होतात. काताकानातली लांब आडवी रेघ सोडून द्यावी आणि तिच्या आधीचे अक्षर घ्यावे, हे सोपे. हिरागानात (नेहमीच्या काना लिपीत) मात्र दीर्घ ओ पुष्कळदा 'उ' लिहून दाखवतात. साकामोतो क्यूचे १९६१ चे 'उए ओ मुइते आरुको' (अमेरिकेत १९६३ मध्ये 'सुकियाकी' या भलत्याच नावाने पहिल्या क्रमांकावर गेलेले) कानाला 'को'वर संपते, लेखनात 'उ'वर. लेखन धरा. 'नादा सोसो'चेही तसेच. योआसोबीच्या 'यूशा'सारखे (२०२३) नाव छोट्या 'या'वर संपते. तिथे 'शा' घ्यायचा की 'या', हे खेळाआधी ठरवावे. 'या' सोपा पडतो. 'गे'चा 'के' चालेल का, हेही ठरवा. चालत नसेल तर लिसाच्याच 'गुरेन्गे'नंतर ओनित्सुका चिहिरोचे 'गेक्को' (२०००) हाताशी ठेवा.

आता साखळी. हे कडे पाहा: आइम्योनचे 'मारीगोरुदो' (२०१८), त्याच्या 'दो'वरून युरीचे 'दोराइफुरावा' (२०२०), 'वा'वरून अलेक्झांड्रोसचे 'वातारिदोरि' (२०१५), 'रि'वरून एशियन कुंग-फू जनरेशनचे 'रिराइतो' (२००४), 'तो'वरून 'तोनारि नो तोतोरो', 'रो'वरून हिरोसे कोमीचे 'रोमान्सु नो कामिसामा' (१९९३), आणि 'मा'वर येऊन पुन्हा 'मारीगोरुदो', म्हणजे झेंडू. नावांचे अर्थ धरले तर झेंडूवरून वाळक्या फुलांवर, तिथून स्थलांतरित पक्ष्यांवर. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य जवळ असलेल्या गावाला हे सोडवेल कसे! एकदा झालेले नाव पुन्हा चालत नाही, म्हणून कडे पूर्ण होत आले की कुठेतरी फाटा हवा. 'रि'वर ब्लू हार्ट्सचे 'रिन्दा रिन्दा' आणा, साखळी 'दा'कडे वळते.

दुसरी साखळी पुरे गटाला गाता येईल अशी आहे: 'झान्कोकु ना तेन्शि नो तेझे' (१९९५), 'झेन्झेन्झेन्से' (२०१६), 'सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना' (२००३), 'नादा सोसो', 'उए ओ मुइते आरुको', शेवटी आदोचे 'उस्सेवा' (२०२०). या शेवटच्याला घसा तयार असलेलाच हवा. योआसोबीची गाणीही ऐकायला सोपी आणि म्हणायला अवघड: शब्द भरभर येतात, श्वासाला जागा नाही. नवशिक्यांना 'उए ओ मुइते आरुको' किंवा 'हिमावारि नो याकुसोकु' द्यावे.

खरा डाव 'रु'चा. जपानी क्रियापदे मूळ रूपात पुष्कळदा 'रु'वर संपतात, त्यामुळे नावेही: 'योरु नि काकेरु' घ्या. आणि अस्सल जपानी शब्द र-च्या ओळीने जवळजवळ सुरूच होत नाहीत. म्हणजे 'रु' येतात ढिगाने, उत्तरे मोजकी. मुरलेला खेळाडू मुद्दाम 'रु' टाकत राहतो. आपल्याकडे 'ढ' आला की साऱ्या घरादाराला एकच गाणे आठवते, तशी 'रु'वर तेराओ आकिराचे 'रुबी नो युबिवा' (१९८१) आणि 'लुपिन द थर्ड' या जपानी कार्टून मालिकेतले 'रुपान सान्सेइ नो तेमा' ही दोन पाठ ठेवा. गायिका युमिंगचे 'रूजु नो देन्गोन' (१९७५) मोहात पाडते, पण शेवट 'न्'. प्रत्येक संघाला 'रु'वर संपणारी दोनच नावे घेऊ द्यावीत, नाहीतर तासाभरात खेळ कोमेजतो.

वेळेचे गणित साधे आहे. पूर्ण गाणे चार-पाच मिनिटांचे. शोधाशोध धरून दोन तासांत वीसच होतात. पहिल्या ध्रुपदापर्यंत, म्हणजे पहिल्या 'साबी'पर्यंत, म्हटले तर एका पाळीला तीन मिनिटे आणि चाळीस पाळ्या. त्यासाठी यादीत साठ नावे असावीत आणि यादीतल्या प्रत्येक शेवटच्या अक्षराला किमान दोन सुरुवाती सापडाव्यात. ज्याला एकही सापडत नाही ते गाणे कितीही लाडके असले तरी काढा.

साधनांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे जपानी कराओके यंत्रे नसतात, सारे यूट्यूबवर चालते. रोमन लिपीत शोधलेत तर भलत्यांनीच गायलेली रूपे येतात. नाव जपानी लिपीत टाकून पुढे काताकानात 'काराओके' जोडा. कांजीवर बारीक अक्षरांत वाचन दिलेला व्हिडिओ निवडा, सगळे क्रमाने एका यादीत आधीच लावा. माइक ब्लूटूथवर असेल तर आवाज थोडा उशिरा परत येतो आणि ठेका सुटतो, म्हणून तो वायरचा घ्या. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. माइक स्पीकरकडे वळला की शिट्टी ठरलेली. रात्री दहानंतर आवाज बंद, हे सोसायटीत सांगायला नको.

साडेनऊ वाजले की साखळी 'रो'वर येईल असे पाहा आणि 'रोबिन्सोन' घ्या. भेंडी चढेल, पण हे एकच गाणे अर्धवट न सोडता सगळ्यांनी मिळून पूर्ण म्हणावे.

आपले,
जपानी शिकणारे-शिकवणारे काही वाचक, नाशिक