'हेलकॅट'चा वेग नेमका कशासाठी होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी टँक डिस्ट्रॉयरवरचा, म्हणजे शत्रूचे रणगाडे फोडण्यासाठीच्या तोफगाड्यांवरचा, लेख वाचला. मराठीत या विषयावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून आनंदच झाला. पण 'चिलखत पातळ असल्याने वेग हीच एम-18 हेलकॅटची ढाल होती' हे त्यातलं विधान पटत नाही.

एम-18 रस्त्यावर ताशी 88 किलोमीटरपर्यंत पळायची, हे खरं. वजन जेमतेम 18 टन, सांगाड्याचं चिलखत 13 मिलिमीटर, बुरुजाचं पुढून 25. पण त्या काळात धावत्या गाडीतून नेमका गोळा मारता येत नसे, थांबावंच लागे. आणि थांबलेल्या गाडीचा वेग शून्य! वेग हवा होता तो रस्त्यावर. अमेरिकी भूसेनेचे जनरल मॅकनेअर आणि टेक्सासमधल्या कॅम्प हूड या लष्करी तळावर टँक डिस्ट्रॉयरचं दल घडवणारे अँड्र्यू ब्रूस यांची कल्पना अशी, की 36 तोफांची बटालियन मागे राखीव ठेवायची आणि जर्मन रणगाड्यांची लाट जिथे फळी फोडेल तिथे ती झपाट्याने न्यायची.

तिथे पोचल्यावरचं काम सावकाशीचं. उंचवट्यामागे गाडी अशी लावायची की नळी आणि बुरुजाची कड तेवढी वर दिसावी. दोन-तीन गोळे मारायचे, मागे सरकायचं आणि आधीच हेरून ठेवलेल्या दुसऱ्या जागी जायचं. कोरड्या जमिनीवर इथेच घोळ व्हायचा. 76 मिलिमीटर तोफेच्या दणक्याने समोर एवढा धुरळा उठे, की आपला गोळा कुठे पडला हे तोफचीला दिसतच नसे. मग एकाने गाडीतून उतरून बाजूला उभं राहायचं आणि 'वर', 'खाली', 'डावीकडे' असं ओरडून सांगायचं. पुढे नळीच्या तोंडाला मझल ब्रेक आला. त्याने वायू आडवे फेकले जाऊ लागले आणि धुरळा बराच कमी झाला.

उघड्या बुरुजाला लेखकाने 'काटकसर' म्हटलंय. वजन वाचलं हे खरंच, पण शत्रू आधी दिसावा, आवाज ऐकू यावा हाही हेतू होता. त्याची किंमत जर्मनीतल्या ह्युर्टगेनच्या जंगलात मोजावी लागली. झाडांच्या शेंड्यांवर फुटणाऱ्या गोळ्यांचे तुकडे थेट बुरुजात पडू लागले, तेव्हा सैनिकांनी हाताला लागेल त्या पत्र्या-ओंडक्यांची छतं उभारली.

एम-10 बद्दल लेखात दोनच ओळी आहेत, आणि खरी गंमत तिच्यातच आहे. अमेरिकी शर्मन रणगाड्याच्या सांगाड्यावरच्या या गाडीचा बुरूज हाताने हँडल फिरवून वळवावा लागे. पूर्ण फेरीला मिनिटाहून जास्त वेळ. त्यात 3 इंची तोफेच्या वजनाने बुरूज पुढे झुके. गाडी उतारावर तिरकी उभी असली की हँडल मारता मारता माणूस मेटाकुटीला येई. शेवटी बुरुजाच्या पाठीला जाड प्रतिभार बसवावे लागले. मशीनगन एकच, तीही मागच्या कडेवर. पायदळ समोरून आलं तर ती चालवायला जवानाला उघड्यावर यावं लागे.

एम-10 ची 3 इंची आणि एम-18 ची 76 मिलिमीटर यांत भेदनशक्तीच्या दृष्टीने फरक नव्हता. गोळा तोच, वेग तोच, सेकंदाला 792 मीटर. काडतूस मात्र निराळं, त्यामुळे एकीचा दारूगोळा दुसरीला चालत नसे. जर्मनांच्या पँथर रणगाड्याच्या सांगाड्यावरची तिरकी 80 मिलिमीटरची पुढची पाटी साध्या गोळ्याला दाद देत नव्हती. टंगस्टनच्या गाभ्याचे गोळे आले, पण मोजकेच. म्हणूनच 1944 च्या शरद ऋतूत 90 मिलिमीटर तोफेची एम-36 आली.

गडबड होती ती मूळ गृहीतकात. रणगाड्यांची लाट ट्युनिशियात एल गेटारला, 23 मार्च 1943 रोजी, खरोखर आली आणि रोखलीही गेली. 1944 मध्ये मात्र जर्मन बहुतेक ठिकाणी बचावात होते. मग बटालियन फोडून तिच्या तुकड्या पायदळाला वाटल्या गेल्या, कुठे चक्क तोफखान्याचं काम दिलं गेलं. फ्रान्समधल्या आराकूरला 19 सप्टेंबर 1944 च्या धुक्यात 704 व्या बटालियनच्या एका प्लॅटूनने 15 रणगाडे टिपल्याची नोंद आहे. त्या प्लॅटूनच्या चार एम-18 एका खोलगट जागेत आडोशाला उभ्या होत्या, धावत नव्हत्या. तरीही चारपैकी तीन गमावल्या.

आणखी एक दुरुस्ती. 1945 नंतर या गाड्या 'भंगारात गेल्या' असं लेखात म्हटलंय. एम-36 ची बी-2 आवृत्ती 1965 च्या युद्धात पाकिस्तानी सैन्याकडे होती, आणि युगोस्लाव्हियात एम-18 व एम-36 नव्वदच्या दशकातही लढत होत्या.

— एक वाचक, अहिल्यानगर