सिल्की कोंबड्या पाळणाऱ्या सभासदांना रविवारची आठवण

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी आठला बेळगावात नेहमीच्या जागी आपापले पक्षी घेऊन या. खानापूरकरांनी पिंजऱ्यावर ताडपत्री टाकूनच निघावं. सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकणारे आकडे नसतात, त्यामुळे पावसाचं पाणी ओघळत नाही, थेट कातडीपर्यंत मुरतं.

आंघोळ शुक्रवारीच उरका, म्हणजे पिसं मुळापर्यंत वाळतील. पांढरे पक्षी तोवर सावलीत ठेवा, उन्हानं पिवळट झाक येते. पायाची बोटंही मोजा, पाच हवीत. खुडूक बसलेली कोंबडी घरीच राहू दे.

आता रंगाचं. 'निळ्याला निळा लावला तरी काळी पिल्लं कशी?' हे दर वेळी कोणीतरी विचारतं. निळा-निळा जोडीतून सरासरी 50 टक्के निळी, 25 टक्के काळी आणि 25 टक्के स्प्लॅश (फिक्या अंगावर निळे-काळे शिंतोडे असलेली) निघतात. सगळी निळीच हवी असतील तर काळ्याला स्प्लॅश लावा. माझ्या पहिल्या उबवणीत आठांतली पाच काळी निघाली, तेव्हा मी कोंबडा विकायलाच निघालो होतो! आठ पिल्लांवरून हिशेब लागत नाही, वही ठेवा. आणि निळ्यांच्या खुराड्यात पांढरा कोंबडा सोडू नका. त्याचा पांढरा रंग पिल्लांत लपतो नि नातवंडांत उगवतो.

शिंकणारा, लंगडणारा किंवा पंख पाडून बसलेला पक्षी कितीही देखणा असला तरी आणायचा नाही. मरेकची (कोंबड्यांना लुळं करणाऱ्या विषाणूच्या रोगाची) लस पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यायची असते, रविवारी देऊन उपयोग नाही.

दाण्याचे डबे आपापले आणा.