नव्या डिलिव्हरी चालकांना उसंत द्या

घरोघरी पार्सलं पोचवणाऱ्या नव्या चालकाला पहिल्याच दिवशी जुन्याइतकाच माल देणं अन्यायाचं आहे. गाडी त्याला येतेच. वेळ जातो तो पार्सल शोधण्यात, गाडी लावायला जागा मिळवण्यात आणि फोन न उचलणाऱ्या ग्राहकाच्या दारात. शेवटी द्यायचं पार्सल आधी भरून आत सरकवायचं, पहिलं दाराशी ठेवायचं, तेही पत्ता दिसेल असं, हे कुणी शिकवतच नाही. मग भर रस्त्यात अर्धी गाडी उपसावी लागते. उशीर झाला की वेग वाढतो, जेवण राहतं. (लघवीलाही थांबता येत नाही, हे लिहायला संकोच कशाला?) कंपन्यांनी सुरुवातीचे काही आठवडे माल कमी द्यावा, अनुभवी चालक सोबत पाठवावा आणि तोवर उशिरासाठी पैसे कापू नयेत.